पाया पदरचा

टिकाव गेला तो दांड्यापर्यंत गेला. धाकट्यानं दोन्ही हातांनी ओढून काढला, तर त्याच्यामागोमाग काळा चिखल वर आला आणि चिखलामागोमाग पाणी.

"दादा, इकडं ये!" धाकटा चरातूनच ओरडला. "इथं जमीनच नाय."

"जमीन नाय म्हणजे? मग तू कशावर उभा आहेस?"

"तू ये तर खरं. मी कशावर उभा आहे ते तूच सांग."

थोरला चरात उतरला आणि घोट्यापर्यंत रुतला. दुसरा पाय टाकला, तो गुडघ्यापर्यंत गेला. वास असा, की नाकाला पंचा लावायची पाळी. दोघं भाऊ एकमेकांना ओढत वर आले.

दोघंही गवंडी. थोरला काम अंगावर घ्यायचा, माणसं लावायचा, भिंतीला ओळंबा लावून बघायचा. धाकटा राबायचा दोघांचं. दोन खोल्यांत दोघांचे संसार, चार लेकरं, एक चूल. हे काम सरलं की मागच्या अंगणात धाकट्याची वेगळी खोली बांधायची, असं ठरलं होतं. धाकट्याच्या बायकोनं खिडकी कुठं पाहिजे तेसुद्धा सांगून टाकलं होतं.

काम होतं गिरणीवाल्याचं. गावात पिठाची गिरणी त्याची एकट्याचीच, पैका उदंड. धान्य साठवायला गोदाम पाहिजे म्हणून त्यानं गावाबाहेर ओढ्याच्या काठची जागा घेतली होती. स्वस्तात मिळाली म्हणून मिशीला पीळ देत फिरत होता. स्वस्त का मिळाली ते त्या दिवशी कळलं. तिथं कोण्या जमान्यात वीटभट्टी होती. माती काढून काढून मोठा खड्डा झाला, भट्टी बुडाली, मग गावानं त्यात राख टाकली, राडारोडा टाकला, मेलेली जनावरं टाकली. वर गवत उगवलं. गवत उगवलं की माणसं विसरतात.

आता एक गोष्ट सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. त्या भागातले गवंडी भाव ठरवतात तो भिंतीचा. जोत्याच्या वर जेवढी भिंत दिसेल तेवढीला फीत लावायची आणि पैसे मोजायचे. पाया त्यातच आला. 'पाया पदरचा' असं ते म्हणतात, आणि छाती पुढं काढून म्हणतात. कारण सगळीकडं मांडीभर खणलं की कडक मुरूम लागतो; तेवढा पाया भिंतीच्या भावात सहज निघतो. बापापासून चालत आलेली रीत. तिच्यात खोट आहे असं कुणाच्या स्वप्नातसुद्धा आलं नव्हतं, कारण पायाखालची जमीन कधी गेलीच नव्हती.

गिरणीवाला दुपारी फटफटीवरून आला. काठावर उभा राहून त्यानं वाकून बघितलं आणि रुमाल तोंडाला लावला.

"काय रे हे?"

"जुना खड्डा आहे मालक," थोरला म्हणाला. "सगळा घाण चिखल काढावा लागेल. कडक लागेपर्यंत खाली जायचं आणि डबरानं भरून घ्यायचं. मोठे दगड, ट्रकानं."

"मग जा की खाली. मी कुठं नको म्हणतोय? काय लागेल ते कर, पण भिंतीला तडा जाता कामा नये. आणि पावसाच्या आत छप्पर पाहिजे."

एवढं बोलून तो गेला. धाकट्यानं थोरल्याचा दंड धरून त्याला बाजूला घेतलं.

"भाव बोलला नाहीस."

"कशाचा?"

"ह्या खड्ड्याचा! हा काय मांडीभर पाया आहे? दादा, बोलणाऱ्याची बोरं विकतात आणि न बोलणाऱ्याचे आंबे सडतात. आत्ता जा, फटफटी अजून लांब नाय गेली."

"अरे, त्यानं डोळ्यांनी बघितलंय. आंधळा आहे का तो? भिंत उभी राहू दे. मग बोलू. उघड्या खड्ड्यापाशी उभं राहून पैसे मागायला बरं दिसत नाय."

बरं दिसत नाही! ह्या तीन शब्दांपायी किती घरं बुडाली असतील, देव जाणे.

पुढचं काम म्हणजे नुसता हालहाल. पंप लावून पाणी उपसायचं, सकाळी येऊन बघावं तर पुन्हा तेवढंच. चिखल टोपल्यांनी बाहेर काढायचा. धाकटा कमरेपर्यंत पाण्यात उभा राहून दगड लावायचा. त्याच्या पायांची कातडी पांढरी पडून सुटायला लागली. कोपऱ्याला दीड पुरुष खाली कडक लागलं. मधे, जिथं दार यायचं होतं, तिथं त्याहून कितीतरी खाली जावं लागलं. थोरल्याच्या बायकोनं दगडाच्या पाट्या वाहिल्या. डबरवाल्याकडून थोरल्यानं दगड उधार आणले, मजुरांना देण्यासाठी त्याच्याचकडून हातउसनेही घेतले. मजुरांचा रोज चुकता व्हायचा. राहिला तो धाकट्याचा. तो घरचाच माणूस, त्याचं शेवटी बघू.

भिंत उभी राहिली. सुतासारखी सरळ. पावसाच्या आधी छप्परही पडलं. थोरल्यानं जोतं असं साफ करून दिलं, की खाली काय काय पुरलंय त्याची खूण राहिली नाही. लोक येऊन वाखाणून गेले.

गिरणीवाल्यानं फीत लावली. लांबी, उंची, गुणाकार. ठरल्या भावानं पैसे मोजून थोरल्याच्या हातावर ठेवले, एक छदाम कमी नाही.

"आणि खालचं, मालक?"

"खालचं काय?"

"पायाचं. दगड, पंप, मजुरी. भिंतीपेक्षा पाया जास्त झाला."

गिरणीवाला हसला. रागावलाही नाही, हेच वाईट. "अरे, पाया पदरचा असं तूच म्हणतोस ना? माझ्या घराच्या वेळी म्हणालास, भावकीतल्या लग्नात चार लोकांत म्हणालास. तेव्हा मांडीभर पाया लागला, तुला चार पैसे सुटले. मी आलो होतो का परत मागायला? आता तुला खोल लागला. धंदा आहे बाबा."

थोरल्यानं पैसे पंच्यात बांधले. मालक बोलला त्यातलं निम्मं खरंच होतं.

घरी डबरवाला येऊन बसलेला होता. आलेले पैसे त्यानं जवळजवळ सगळे नेले. धाकटा दाराला टेकून बघत होता.

"माझं?"

"देतो ना. कुठं पळून चाललोय का?"

"आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं," धाकटा म्हणाला. "त्यातलं आंधळं कोण ते तूच ठरव."

त्या महिन्यातच धाकटा बायकोलेकरांना घेऊन निघाला. बसथांब्यामागं भाड्याची एक खोली, तिला खिडकीच नव्हती. दुसऱ्या ठेकेदाराकडं रोजानं जायला लागला. रस्त्यात थोरला दिसला तर मान वळवायचा. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. भांडणात निदान बोलणं तरी होतं.

थोरल्याचं तेव्हापासून काहीतरी बिघडलं. रडू नाही, राग नाही. जेवताना मीठ नसलं तरी त्याला कळायचं नाही. एकदा विटेचा कोपरा अंगठ्यावर बसला, नख काळंनिळं झालं, आणि हा बघतच राहिला. जणू दुसऱ्याचंच बोट.

"अहो, दुखत नाय का?" बायकोनं विचारलं.

"दुखत असेल," तो म्हणाला.

बायको हुशार. तिनं त्याला धरून तालुक्याला नेलं, औषधाच्या दुकानावर एका वकीलबाईची खोली होती तिथं. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, ते तिलाही ठाऊक होतं. पण घरात शहाणपणाचा जो उजेड पडला होता तो बघून ती म्हणाली, आता वेड्यासारखं वागून बघू.

वकीलबाई तरुण होत्या. पंखा खडखडत होता म्हणून मोठ्यानं बोलायच्या.

"लेखी काही?"

"नाय."

"भाव कसा ठरला?"

"तोंडी. भिंतीचा."

"पायाचं बोलणं?"

"काहीच नाय."

"मालकानं खड्डा बघितला होता?"

"काठावर उभा होता. काय लागेल ते कर म्हणाला."

वकीलबाई पुढं सरकल्या. "हे चांगलंय. आता ऐका. भाव बोलला नाहीत म्हणून काम फुकट, असं कायदा म्हणत नाही. धर्मादाय म्हणून केलेलं नाही असं काम समोरच्यानं घेतलं, त्याचा फायदा उपटला, तर त्याचं वाजवी मोल त्याला द्यावं लागतं. पण! तेच काम आधी ठरलेल्या भावात धरलेलं असलं, तर मात्र फुटकी कवडी मिळणार नाही. कळलं?"

"कळलं," थोरला म्हणाला. काय कळलं ते त्याचं त्यालाच ठाऊक. गवंड्यांच्या रिवाजाचं त्यानं बाईंना काही सांगितलं नाही. लपवलं नाही हो, सुचलंच नाही. माणूस रोज अंगात सदरा घालतो ते काय कुणाला सांगत बसतो?

तारखा पडत गेल्या. एक पावसाळा गेला. शेवटी थोरला साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहिला, तेव्हा समोर गिरणीवाल्याचा वकील आला. पोक्त माणूस, बोलणं साखरेत घोळलेलं.

"किती दिवस गवंडीकाम करता?"

"मिसरूड फुटायच्या आधीपासून."

"वा. म्हणजे धंद्याची रीत तुम्हाला पाठ."

"पाठ म्हणजे काय साहेब! आमच्या बापानं शिकवली."

"मग मला अडाण्याला जरा सांगा. तुमच्यात भाव भिंतीचा ठरतो. पायाचे वेगळे पैसे तुम्ही घेता?"

किती दिवसांनी त्याला कोणी त्याच्या कामाचं विचारत होतं. थोरल्याची मान आपसूक ताठ झाली.

"कधीच नाय साहेब. पाया पदरचा!"

"जरा मोठ्यानं. टंकलेखकांना ऐकू आलं पाहिजे."

"पाया पदरचा!" सगळ्या कोर्टाला ऐकू जाईल असं तो म्हणाला.

टंकयंत्र खडखडलं. वकीलबाईंनी डोळे मिटून घेतले. मागच्या बाकावर थोरल्याच्या बायकोनं पदर तोंडात कोंबला. गिरणीवाला नखं बघत बसला होता, त्यानं नखं बघणं थांबवलं आणि वर पाहिलं. थोरला मात्र पिंजऱ्यात तसाच उभा, बरोबर उत्तर दिलेल्या पोरासारखा.

"संपलं माझं," वकील म्हणाला.

"माझं नाही संपलं," न्यायाधीश म्हणाले. ते वयस्कर होते आणि त्यांना सर्दी झाली होती. "पदरचा म्हणजे किती खोल?"

"मांडीभर साहेब. त्याच्या खाली कुठंच जावं लागत नाय."

"आणि इथं?"

"इथं कोपऱ्याला दीड पुरुष. मधे त्याच्याही खाली."

"मालकाला ठाऊक होतं?"

"त्यांनी रुमाल लावला होता तोंडाला."

कोर्टात हशा पिकला. न्यायाधीश हसले नाहीत. त्यांनी नाक पुसलं आणि सावकाश बोलायला लागले. "भाव ठरला तेव्हा दोघांच्या मनात मांडीभर पाया होता. त्याखालचं काम त्या भावात बसत नाही, असं मला दिसतं. मालकानं ते बघितलं, करू दिलं आणि त्यावर आज गोदाम चालवतायत. पण केलं म्हणजे किती केलं? भिंतीखालचं मला दिसत नाही. कोर्टाचा अभियंता नेमतो. भिंतीलगत खणून उघडं करा, तो मोजेल. खणायचं आणि अभियंत्याच्या फीचं, मागणाऱ्यानं बघायचं."

बाहेर आल्यावर वकीलबाई कपाळाला हात लावून पायरीवर बसल्या. "तुमच्या मनात तरी काय होतं हो?"

"खरं सांगा म्हणाला होतात."

"हो. म्हणाले होते," बाई म्हणाल्या. "जाऊ द्या. अजून बुडालेलो नाही."

फी भरायला थोरल्यानं काँक्रीट कालवायचं यंत्र विकलं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, असं बायको म्हणाली, पण यंत्र ढकलत नेऊन ट्रकवर चढवायला तिनंच हात लावला.

मोजणीच्या दिवशी आभाळ गच्च भरून आलं होतं. आदल्या आठवड्यात पाऊस झाला होता, जमीन अजून ओली होती. अभियंता फीत आणि छत्री घेऊन आला. गिरणीवाला आला. आणि फावडं खांद्यावर टाकून धाकटाही आला. त्याला कोणी बोलावलं नव्हतं. थोरल्याकडं न बघताच त्यानं अंगातला सदरा काढला, कोपऱ्यापाशी गेला आणि खणायला लागला. थोरला त्याच्या शेजारी उभा राहिला. दोघं खणत होते आणि थोरल्याची बायको, धाकट्याची वहिनी, माती काढत होती. फावड्यामागून फावडं बरोबर पडत होतं. इतक्या वर्षांची सवय ती.

कोपऱ्याचा डबर उघडा पडला. खालपर्यंत एकावर एक बसवलेला, सांधा हललेला नाही. अभियंत्यानं शिडीनं उतरून फीत लावली, आकडा लिहिला आणि म्हणाला, "छान केलंय काम. आता मधे, दारापाशी."

दारापाशी थोरल्यानं खणायला घेतलं. कमरेपर्यंत गेला. मग भिंतीकडच्या कुशीतून चिखल बारीक सुटायला लागला, बघता बघता मुठीएवढा, मग ओंजळभर. आत हमाल पोती रचत होते, पोतं आदळलं की भिंतीला हात लावल्यावर कळायचं. छपरापर्यंत पोती लागलेली होती. बांधताना ह्या भिंतीवर नुसतं तिचं स्वतःचं ओझं होतं. आता तिच्या पोटात गावाचं वर्षाचं धान्य होतं.

थोरला फावडं घेऊन वर आला.

"काय झालं?" अभियंत्यानं विचारलं.

"चिखल सुटतोय. चिखलानं दगड धरलेत. तो सुटला तर दगड सरकतील, भिंत खचून बसेल."

"पोती हलवता येतील का?" अभियंत्यानं गिरणीवाल्याला विचारलं.

"हलवता येतील की," गिरणीवाला म्हणाला. "हमाली कोण देणार? आदेशात पोती हलवायचं दिसत नाय मला."

अभियंता बिचारा भला माणूस. "बघा," तो थोरल्याला म्हणाला, "धोका आहे असं मी लिहीन. पण उघडं पडल्याशिवाय आकडा लिहिता येणार नाही. तुम्ही ठरवा."

धाकटा पुढं झाला. हे त्याचं कित्येक महिन्यांतलं पहिलं बोलणं. "हमालांना बाहेर बोलवा. माणूस कोणी आत नको. मग मी खणतो."

"भिंत बसेल रे."

"बसू दे! भिंत काय तुझी आहे?"

"नाय."

"माझी आहे?"

"नाय."

"मग? खरं काम तर तिथंच आहे. पैसे तिथंच आहेत. महिनाभर कमरेपर्यंत पाण्यात मी तिथंच उभा होतो. त्याची बसली तर तो बांधून घेईल परत. पैसेवाला आहे."

हमाल बाहेर येऊन उभे राहिले होते, त्यांना फुकटचा तमाशा. गिरणीवाल्याचा चेहरा पहिल्यांदाच उतरला होता, पण तोंडातून शब्द काढेल तर शपथ. थोरल्यानं फावडं उचललं. चरात पाय टाकला. आणि तसाच उभा राहिला. भिंतीवर माया होती म्हणावं, तर तसंही नाही. त्याला त्या वेळी कशाबद्दल काही वाटतच नव्हतं. हात वर जाईना, एवढंच. उभ्या जन्मात त्या हातांनी उभी भिंत खचवायचं काम केलं नव्हतं.

"मला नाय जमायचं," तो म्हणाला. "आणि तुलाही खणू देणार नाय."

धाकट्यानं फावडं जमिनीवर आपटलं. "भिंतीची कीव येते तुला! माझी नाय आली कधी." त्याचा आवाज फाटला. "माझ्या पायाची सालटी निघाली तेव्हा नाय आली. बायको विनाखिडकीच्या खोलीत चूल फुंकते, तिची नाय आली. वा रे दादा."

थोरल्यानं चरातून पाय बाहेर काढला. धाकटा सदरा खांद्यावर टाकून निघून गेला. वहिनी दोन पावलं त्याच्यामागं गेली आणि परत आली. अभियंत्यानं कागदाची घडी करून खिशात घातली.

निकाल लागला. न्यायाधीशांची सर्दी बरी झाली होती. मांडीच्या खालचं जेवढं मोजलं गेलं तेवढ्याचं वाजवी मोल मालकानं द्यावं, असं त्यांनी सांगितलं. "मधल्या भागात याहून जास्त काम झालं असणार, यात मला शंका नाही," तेही म्हणाले. "पण न मोजलेल्या कामाला आकडा लावणं माझ्या हातात नाही."

"जिंकलो आपण!" वकीलबाई म्हणाल्या. त्यांना खरंच आनंद झाला होता, म्हणून थोरल्यानं हसल्यासारखं केलं. गिरणीवाल्यानं पैसे भरले आणि कोर्टाबाहेर त्याच्या वकिलानं सगळ्यांना चहा पाजला. त्यावरून कोण किती जिंकलं ते ओळखावं.

बाईंची फी गेली, डबरवाल्याचं राहिलेलं गेलं. उरले ते घेऊन थोरला बसथांब्यामागच्या खोलीवर गेला. धाकट्याच्या बायकोनं पाणी दिलं. खोलीत दिवसासुद्धा दिवा लावलेला होता. धाकट्यानं पैसे मोजले.

"हे निम्मेसुद्धा नायत."

"नायत."

"बाकीचे?"

"भिंतीखाली आहेत," थोरला म्हणाला.

ते त्यानं चेष्टेनं म्हटलं नव्हतं आणि धाकट्यानंही तसं घेतलं नाही. पैसे बायकोच्या हातात देऊन तो खाटेवर भिंतीकडं तोंड करून आडवा झाला. थोरल्यानं पाण्याचं रिकामं भांडं खाली ठेवलं. मग चप्पल घालून निघाला.

सगळं मिटलं, पण मोजणीचे खड्डे तसेच उघडे राहिले. खणा म्हणून आदेश होता, बुजवा म्हणून कोणी लिहिलंच नव्हतं. गिरणीवाल्यानं गड्याकरवी निरोप धाडला, "तूच खणलास, तूच बुजव." वकीलबाईंनी थोरल्याला ताकीद दिली, "खबरदार! आधी भाव, मग फावडं." थोरल्यानं निरोपाला उत्तरच दिलं नाही. खड्ड्यांत पाणी साठायला लागलं. पुढं त्याला कळलं, गिरणीवाल्यानं ते काम दुसऱ्याला दिलं. तो सकाळी उठून बघायला गेला.

दारापाशी खड्ड्याच्या काठावर धाकटा उभा होता. मातीचा ढीग, पाटी, माती ठोकायचा ओंडका, सगळं आणून ठेवलेलं.

"तू घेतलंस काम?"

"घेतलं." धाकट्यानं खिशातून घडी केलेला कागद काढून दाखवला. काय करायचं, किती करायचं, कितीला करायचं, सगळं लिहिलेलं. खाली गिरणीवाल्याची सही. "निम्मे आधी घेतले. निम्मे झाल्यावर."

थोरल्यानं कागद बघितला. अक्षर धाकट्याच्या बायकोचं होतं.

"एक माणूस कमी पडतोय," धाकटा म्हणाला. तो थोरल्याकडं बघत नव्हता, खड्ड्याकडं बघत होता. "येतोस?"

"रोज काय?" थोरल्यानं विचारलं. तोंडातून निघून गेलं, आणि त्याचं त्यालाच नवल वाटलं.

धाकट्यानं रोज सांगितला. बाजारात चालतो तोच, कमी नाही, जास्त नाही. थोरल्यानं सदरा काढून दाराच्या कडीला अडकवला.

दिवसभर दोघांनी पाणी उपसलं, माती लोटली. धाकटा सांगेल तसं थोरला करत होता. दुपारी धाकट्यानं आपल्या डब्यातलं निम्मं त्याच्यापुढं सरकवलं आणि थोरल्यानं ते खाल्लं. भाजीत मीठ जास्त होतं. ते त्याला कळलं.

उन्हं उतरली तेव्हा माती वरपर्यंत आली. थोरल्यानं ओंडका घेऊन ठोकायला सुरुवात केली. एक फेरी झाली, दुसरी झाली. पायाखालची माती अजून भुसभुशीत लागत होती. खालचं नीट बसलेलं नाही, हे तळव्याला कळत होतं. हे परत उकरून, थराथरानं भरून, थराथरानं ठोकायला पाहिजे होतं. नाहीतर पावसाळ्यात पाणी मुरणार, माती खचणार, आणि त्यामागं कधीतरी भिंतही. त्यानं ओंडका परत उचलला.

"बास," धाकटा म्हणाला.

"नाय झालं अजून. खालून पोकळ आहे. निम्मी माती काढून परत..."

"कागदात भरून दोनदा ठोकायचं लिहिलंय. दोनदा झालं."

"अरे, पण ही भिंत..."

"दादा." धाकट्यानं त्याच्या हातातल्या ओंडक्यावर हात ठेवला. ओढून घेतला नाही, नुसता ठेवला. "त्याचे पैसे कोण देणार? तू?"

थोरल्यानं भिंतीकडं बघितलं. वरपासून खालपर्यंत, ओळंबा सोडावा तसं. मग भावाकडं बघितलं. धाकट्याच्या डोळ्यांत राग नव्हता. तो खरंच विचारत होता, आणि उत्तराची वाट बघत होता.

थोरल्यानं ओंडका सोडून दिला.

धाकट्यानं तिथंच त्याचा रोज मोजून दिला, पुरा. हत्यारं दोघांनी मिळून उचलली आणि बसथांब्यापर्यंत दोघं बरोबर चालत आले. उद्या शाळेच्या कुंपणाचं काम आहे, धाकटा म्हणाला, भाव ठरलाय, सकाळी ये. येतो, म्हणाला थोरला.

घरी बायको दारातच उभी होती. त्यानं पैसे तिच्या हातात दिले. तिनं नोटांकडं बघितलं, मग त्याच्या चिखलानं भरलेल्या पायांकडं.

"धाकट्याबरोबर होतात?" तिचा आवाज एकदम हलका झाला. "बरं झालं. देवच पावला. काम नीट झालं ना?"

त्यानं पायावर पाणी ओतून घेतलं. पाणी गार होतं, चांगलंच गार.

"ठरलं तेवढं झालं," तो म्हणाला.